कंबर दुखते, पण लिव्हर सांभाळायचंय!

कंबरदुखी म्हणजे काय, हे बदलापूरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको. उभं राहायला मिळालं तरी नशीब, आणि चौथ्या सीटवर कड टेकायला मिळाली तर अर्धं शरीर हवेत आणि अर्धा भार कमरेवर. अंबरनाथला पाणी यायच्या वेळेला बादल्या, कळश्या भरताना तेच. उल्हासनगरात तर घरोघरी कमरेचीच कामं! कुणी जमिनीवर बसून पापड लाटतेय, कुणी जीन्सच्या ढिगापुढे शिलाई मशीनवर वाकलेली. संध्याकाळी सगळ्यांची तक्रार एकच: “आई गं, कंबर मोडली.”

यावरचे उपायही आपल्याला तोंडपाठ आहेत. बाम चोळायचा, शेक घ्यायचा, आणि फारच झालं तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या. “वहिनी, ही घ्या. अर्ध्या तासात आराम.” बहुतेकींचं एवढ्यावर भागतंही. पण ज्या घरात कुणाला लिव्हरचं, म्हणजे यकृताचं, दुखणं आहे, त्या घरात ही गोळी इतक्या सहजी तोंडात टाकायची नसते. आजचा लेख त्या घरांसाठी.

आधी एक गैरसमज दूर करू. लिव्हर खराब म्हटलं की लोक लगेच विचारतात, “घेत होते का हो?” दारूने यकृत खराब होतं हे खरंच, पण थेंबभर दारू न शिवलेल्या कितीतरी बायकांना हा आजार असतो. कावीळ ब आणि कावीळ क हे विषाणू रक्तातून येतात आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृतात राहतात. मधुमेह आणि वाढलेलं वजन यांच्यामुळे यकृतात चरबी साठते. काही जणींच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, आणि हा प्रकार बायकांत अधिक दिसतो. यातलं काहीही पुष्कळ वर्षं चाललं की यकृत निबर आणि गाठाळ होतं. त्याला सिरॉसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी होतं, पायांवर सूज येते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. कंबरदुखीची गोळी घेताना या फुगलेल्या शिरांची आठवण ठेवायची. का, ते पुढे सांगते.

कोणती गोळी, किती?

अनेकींना वाटतं की लिव्हरच्या माणसाला पॅरासिटामॉल म्हणजे विष, आणि दुखण्याची ‘दुसरी’ गोळी बरी. खरी गोष्ट जवळजवळ उलट आहे.

क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो या नावांनी मिळतं ते सगळं पॅरासिटामॉलच. ते यकृतातच पचतं. त्याचा एक छोटा भाग पचताना विषारी बनतो. यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा एक साठा असतो, तो हे विष लगेच मारून टाकतो. साठा पुरेसा आहे आणि गोळी मापात आहे तोवर काही बिघडत नाही. माप सोडलं तर मात्र निरोगी माणसाचंही यकृत चार दिवसांत बंद पडू शकतं. निरोगी मोठ्या माणसाची मर्यादा दिवसाला ४ ग्रॅम. सिरॉसिस असलेल्याला तज्ज्ञ साधारणपणे २ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या फार तर ४ गोळ्या, किंवा ६५० च्या ३, आणि त्याही चोवीस तासांत विभागून. माणूस फार खंगलेला असेल, जेवण जात नसेल, दारू चालू असेल, तर याहूनही कमी. अंगात ताजी कावीळ असेल तर विचारल्याशिवाय एकही नाही. या मापात, आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घेतलेली पॅरासिटामॉल यकृतरोग्याला सगळ्यांत निर्धोक वेदनाशामक मानली जाते.

इथे आपल्या उपासांचा संबंध येतो. उपाशी आणि खंगलेल्या शरीरात ग्लुटाथायोनचा साठा कमी असतो. निर्जळी उपास धरून, दिवसभर कंबर दुखली म्हणून रिकाम्या पोटी चार-पाच गोळ्या, असा हिशेब करू नका. सिरॉसिस असणारीने तर लांब उपास करूच नयेत. तिच्या यकृतात साखरेचा साठा थोडा, त्यामुळे रात्रभराच्या उपाशीपणातही शरीर स्नायू खायला लागतं. देवाला एवढं समजतं.

दुसरी फसगत मिश्र गोळ्यांची. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. कंबरदुखीला सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ असतं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. कंबरेला एक, तापाला एक, सर्दीला एक अशा तीन वेगवेगळ्या रंगांच्या गोळ्या घेतल्या, तरी पोटात एकच औषध तिप्पट गेलेलं असतं. म्हणून पट्टीवरचं मोठं नाव वाचून थांबू नका. त्याखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. चष्मा नसेल तर मुलीला वाचायला सांगा.

आता ती ‘दुसरी’ गोळी. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नाप्रोक्सेन, निमेसुलाइड ही सगळी एकाच घराण्यातली भावंडं. दुखणं पटकन ओढतात म्हणून लाडकी. पण सिरॉसिसच्या माणसाला ती तीन बाजूंनी घात करतात. एक, जठराच्या अस्तराला इजा करतात. आधीच शिरा फुगलेल्या, रक्त गोठायला वेळ लागणारा, अशात रक्ताची उलटी व्हायला किती वेळ? दोन, मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. सिरॉसिसमध्ये मूत्रपिंडं आधीच काठावर उभी असतात, दोन दिवसांच्या गोळ्यांनी ती बंद पडल्याची उदाहरणं डॉक्टरांना नवी नाहीत. तीन, शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, पोटातलं पाणी कमी करायला दिलेल्या लघवीच्या गोळ्या निकामी करतात. म्हणून सिरॉसिसमध्ये हे घराणं वर्ज्य.

यातल्या डायक्लोफेनॅकची एक गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. हे औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन आपल्याकडची गिधाडं मूत्रपिंड बंद पडून लाखांनी मेली. २००६ साली सरकारने ते गुरांसाठी बंद केलं. माणसाची प्रकृती आणि गिधाडाची प्रकृती एक नव्हे हे मान्य, पण औषध मूत्रपिंडाच्या वाटेला जातं हे लक्षात राहायला ही गोष्ट चांगली. निमेसुलाइडचं तर यकृताशीच वाकडं. स्पेन आणि फिनलंडने २००२ साली ते यकृताच्याच भीतीने थांबवलं. आपल्याकडे २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांना ते द्यायला बंदी आहे.

ट्रामाडोलसारखी कडक गोळी, झोपेची गोळी आणि स्नायू सैल करणारी गोळी यांची गोष्ट आणखी वेगळी. निबर झालेल्या यकृतातून त्या लवकर बाहेर पडत नाहीत, अंगात साठतात. शिवाय कडक गोळीने बद्धकोष्ठ होतं. आतड्यात मळ साठला की त्यातली विषं यकृताला न जुमानता मेंदूपर्यंत जातात. मग माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, भलतंच बोलतो, हात थरथरतात. घरचे म्हणतात, “वय झालं, आजीला भ्रम झालाय.” तो भ्रम नव्हे, औषधाचा आणि यकृताचा झगडा आहे, आणि वेळेवर दवाखान्यात नेलं तर उतरतो. अशा माणसाला जुलाबाचं पातळ औषध दिलेलं असेल तर ते कंबरदुखीच्या दिवसांत मुळीच चुकवू नये.

“सुई मारा म्हणजे लवकर बरं वाटेल,” हा हट्टही सोडा. सुईतलं औषध बहुधा डायक्लोफेनॅकच असतं. शिवाय रक्त नीट गोठत नसेल तर टोचलेल्या जागी आत रक्त साचून गाठ होते. आणि सुई नवी आहे ना, हे डोळ्यांसमोर पाकीट फोडून घेऊनच बघा. २००९ साली गुजरातेत मोडासा इथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने कावीळ ब ची साथ पसरली आणि पुष्कळ माणसं गेली.

‘झाडपाल्याचं आहे, काही होत नाही’

हे वाक्य म्हणजे आपल्या घरातला सगळ्यांत धोकादायक दिलासा. २०२० साली करोनाच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचे काढे झाले. त्याच वर्षाच्या अखेरीला मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे कावीळ होऊन आलेल्या रुग्णांपैकी सहाजणांनी गुळवेल घेतली होती. तज्ज्ञांनी हे २०२१ साली प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली, वनस्पती नीट ओळखली गेली नसेल असं म्हटलं. वाद तज्ज्ञांचा आहे, तो त्यांनी मिटवावा. ज्या घरात यकृताचा रुग्ण आहे त्या घराने काढ्याची भांडी तूर्त बाजूला ठेवावीत, हे माझं मत.

आणि ती संधिवाताची पुडी! स्टेशनबाहेर मिळणारी, बिननावाची, “तीन दिवसांत कंबर मोकळी.” अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड किंवा वेदनाशामक कुटून घातलेलं असतं. म्हणूनच ती इतकी लागू पडते. स्टिरॉइडने पुढे हाडं ठिसूळ होतात, म्हणजे कंबर आज मोकळी आणि पुढच्या वर्षी मणकाच चेपलेला. भस्मं आणि रसौषधीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

दुखतंय ते कंबरच ना?

लिव्हरच्या माणसाची पाठ दुखायला साध्या लचकेखेरीज इतरही कारणं असतात. पोटात पाणी भरलं की सगळा भार पुढे जातो, आणि गरोदरपणी दुखते तशी कंबर दुखते. इथे उपाय बामाचा नाही, पाणी कमी करण्याचा आहे. जुन्या यकृतविकारात हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे नुसतं वाकून बादली उचलताना मणका चेपतो. पित्ताशयातला खडा उजव्या खांद्याच्या पात्याखाली दुखतो, स्वादुपिंडाची कळ थेट पाठीत जाते, मुतखडा कुशीतून जांघेत उतरतो. आणि आपल्याकडे मणक्याचा क्षय अजूनही दुर्मीळ नाही.

म्हणून काही वेळा घरगुती काहीही करत बसू नये. पाठदुखीबरोबर ताप आहे, वजन घटतंय, रात्री पडल्यावरही दुखणं थांबत नाही, धडपडल्यानंतर एकाच मणक्यावर दाबलं की कळ येते, किंवा पोटात पाणी असलेल्याला ताप आणि पोटदुखी सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर. पायातली ताकद गेली, लघवी अडकली किंवा आपोआप होऊ लागली, बसायच्या जागी बधिर वाटू लागलं, तर रात्र असली तरी दवाखान्यात. काळी डांबरासारखी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर रिक्षा बोलवायला वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा.

घरात करण्यासारखं पुष्कळ आहे

गोळ्यांची एवढी बंधनं वाचून कुणी निराश होऊ नये. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते, आणि तोवर करण्यासारखं घरात भरपूर असतं.

पहिलं म्हणजे अंथरुणाला खिळू नका. एक-दोन दिवस आराम ठीक. त्याहून जास्त पडून राहिलं की कंबर आखडते. यकृतरोग्याचे स्नायू तर आधीच झिजत असतात, पडून राहिल्याने आणखी झिजतात. घरातल्या घरात, मग गॅलरीत, मग सोसायटीच्या आवारात, दिवसातून चार वेळा थोडं थोडं चाला. झोपताना पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली उशी, कुशीवर असाल तर दोन गुडघ्यांमध्ये. उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधाराने उठा. ही एक सवय लावली तरी सकाळची निम्मी कळ जाते.

शेक चांगला. पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. पण पाणी कढत नको. मधुमेहाने कातडी बधिर झालेली असेल, अंगावर सूज असेल किंवा माणूस गुंगीत असेल तर भाजलेलं कळत नाही. अशा वेळी शेकताना कुणीतरी जवळ बसावं. बाम किंवा मलम थोडंसं लावायला हरकत नसते. मात्र डायक्लोफेनॅकच्या मलमातलं औषध थोडं का होईना अंगात शिरतं, म्हणून सिरॉसिस असेल तर तेही विचारून.

मालीश हलक्या हाताने. नातवंडांना पाठीवर चालायला लावायचं सुख मी समजू शकते; पण रक्तातल्या प्लेटलेट कमी असल्या तर अंग काळंनिळं होतं, आणि हाडं ठिसूळ असली तर मणका जातो. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेतात, तेही इथे नकोच. पाय नुसता लागत असता तर ठीक होतं, आपल्याकडे तो चांगला बसतो!

ओट्यापाशी उभं राहायचं तर पायाशी एक पाट ठेवा आणि आळीपाळीने एकेक पाय त्यावर घ्या. कमरेवरचा ताण लगेच हलका होतो. करून बघा. पापड लाटणाऱ्यांनी, मशीनवर बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठावं, कमरेवर हात ठेवून हळूच मागे झुकावं, चार पावलं टाकून यावं. मालाचा हिशेब नगावर असतो हे मला ठाऊक आहे. तरीही. एक भरलेली बादली एका हाताने नेण्यापेक्षा दोन अर्ध्या दोन्ही हातांनी न्या. उचलताना गुडघे वाकवा, कंबर नव्हे, आणि श्वास कोंडू नका. श्वास कोंडून जोर केला की पोटातला दाब वाढतो. शिरा फुगलेल्या असतील, पोटात पाणी असेल किंवा बेंबीशी हर्निया असेल, तर तिने बादलीला हातच लावू नये. हे घरातल्या पुरुषांनी वाचावं म्हणून मुद्दाम लिहिलंय. कमरेचा पट्टाही पाणी भरलेल्या पोटावर करकचून आवळायचा नसतो.

जेवणाबाबत जुनं पथ्य विसरा. “लिव्हर आहे, डाळ-अंडं बंद,” असं पूर्वी सांगत, आता तज्ज्ञ उलट सांगतात. स्नायू टिकले तर कंबर टिकते, म्हणून डाळी, उसळी, दूध, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, हे हवंच. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खावं. एखादी पोळी आणि दूध, किंवा सातूचं पीठ कालवून. कावीळ झाली की फुटाणे आणि उसाचा रस एवढ्यावरच ठेवायची पद्धत आहे, तीही नको. त्यातून रस्त्यावरचा बर्फ घातलेला रस पावसाळ्यात प्यायचा म्हणजे काविळीला पुन्हा आमंत्रण. पोटात पाणी असेल तर मीठ कमी. इथे आपल्या भागाची पंचाईत होते, कारण पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही. लाटा खुशाल, खाऊ नका. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम भरपूर असतं.

उल्हासनगरसाठी आणखी थोडं

१९४९ साली फाळणीतल्या निर्वासितांच्या छावणीचं उल्हासनगर झालं. इथल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. ही मुलं लहानपणापासून दर दोन-चार आठवड्यांनी रक्त घेत वाढतात. रक्तातलं लोह यकृतात साठतं. २००१ पूर्वी, रक्ताची कावीळ क साठी तपासणी सक्तीची नव्हती तेव्हा, काहींना त्या रक्तातून तो विषाणूही मिळाला. आज त्यातली कितीतरी मुलं तिशी-चाळिशीत आहेत, नोकऱ्या-व्यवसाय करताहेत, आणि त्यांची हाडं ठिसूळ असल्याने पाठ दुखते. म्हणजे पाठ आणि यकृत ही जोडी इथे घरातच आहे. लोह काढण्यासाठी डेफेरासिरॉक्सची गोळी चालू असेल, तर तिच्याबरोबर आयबुप्रोफेनच्या घराण्यातली गोळी घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. थॅलेसेमियाच्या मुलाची पाठ सतत दुखत असेल, तर आईने हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायला सांगावं. आणि कावीळ क आता गोळ्यांनी, बहुधा तीन महिन्यांत, बरी होते. २०१८ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून तिची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. कावीळ ब चीही मिळतात. आधी आपल्याच मध्यवर्ती रुग्णालयात चौकशी करावी.

मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर बदलापूर, अंबरनाथहून जलद लोकलने दादर आणि तिथून धीम्या गाडीने परळ, म्हणजे के. ई. एम.; शीवला उतरलात तर लोकमान्य टिळक रुग्णालय. दोन्हीकडे पोट आणि यकृत यांचा वेगळा विभाग आहे. निघण्यापूर्वी फोन करून ओ. पी. डी. चा वार विचारा, म्हणजे दुखरी कंबर घेऊन दोनदा खेप पडणार नाही. गर्दीची वेळ सोडून जा, सोबत कुणाला तरी घ्या. जुने रिपोर्ट तर न्याच, पण एका पिशवीत घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, काढ्याची बाटली, ती बिननावाची पुडी, बामाची डबीसुद्धा घाला. डॉक्टर विचारतात, “काही औषधं घेता का?” आणि आपण सांगतो, “नाही हो, कधीतरी एखादी.” पिशवी टेबलावर ठेवली की त्यांना खरं उत्तर मिळतं.